गावाचे दप्तर कोण लिहिणार?

सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द असा काही चिकटला आहे की, तो नसेल तर पंचक्रोशीतल्या माणसालाही क्षणभर कोणते अपशिंगे हे उमगत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारले. पुढील युद्धांतही या गावाने आपले पुत्र दिले, आणि आजही सैन्यात माणूस नाही असे घर तेथे शोधावे लागते. ४६ हा आकडा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. प्रश्न त्या आकड्यामागच्या माणसांचा आहे. ती कोणत्या वयाची होती, कोणत्या दुष्काळाने किंवा कोणत्या कर्जाने त्यांना भरतीच्या रांगेत उभे केले, त्यांच्या मृत्यूची वार्ता घरी कोणी आणली आणि ती वाचून दाखवायला गावात कोण होते, याचा शोध घेण्याची सवय आपल्या समाजाला लागलेली नाही.

त्या युद्धात मराठा पलटणींनी सर्वाधिक सोसले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसच्या काठी कूत-अल-अमारा येथे तुर्की फौजांनी सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. या पलटणींची भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून मोठ्या प्रमाणावर होत असे. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी धर्मभावनेपोटी ते दीर्घकाळ नाकारले आणि उपासमार पत्करली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाउनशेंडने शरणागती लिहून दिली. त्यानंतर वाळवंटातून कैद्यांची जी पायपीट झाली, तीत आणि कैदेत हजारो मेले.

त्याच वेढ्यात मराठ्यांच्या जोडीला डॉर्सेट, नॉरफोक, ऑक्सफर्डशायर अशा इंग्लंडमधील परगण्यांच्या नावाच्या गोऱ्या पलटणी होत्या. भूक एकच होती, खंदक एकच होते. मात्र नंतरच्या शंभर वर्षांत त्या दोन समाजांनी आपापल्या मृतांचे काय केले, हे तोलून पाहण्याजोगे आहे. इंग्लंडच्या बहुतेक गावांत, चर्चच्या आवारात किंवा चौकात, युद्धस्मारक आहे आणि त्यावर नावे आहेत. ती नावे कोरून तिथला समाज थांबला नाही. गावातल्या निवृत्त शिक्षकाने, टपाल कार्यालयातल्या बाईने, कधी एखाद्या शेतकऱ्याने प्रत्येक नावामागे लागून त्या मुलाचे घर, शाळा, धंदा, त्याची पत्रे, त्याच्या भावंडांचे पुढे काय झाले, हे सारे जमा करून छोट्या छोट्या पुस्तिका काढल्या. अशा पुस्तिकांना साहित्यिक मूल्य बेताचेच असते. परंतु त्या गावच्या माणसाला त्या परक्या वाटत नाहीत.

आणि आपल्या मृतांचे? बसऱ्याच्या भव्य स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र केवळ पलटणवार आकडा देण्यात आला. हा भेदभाव होता, ही गोष्ट राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर एप्रिल २०२१ मध्ये मान्य केली आणि क्षमा मागितली. साम्राज्याला शंभर वर्षांनी लाज वाटली, हे बरेच झाले. पण साम्राज्याने नावे लिहिली नाहीत म्हणून आपणही ती लिहू नयेत, असा काही दंडक नव्हता.

इंग्रजांना ही सवय आकाशातून लाभलेली नाही. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. त्यामागचा हेतू इतिहासप्रेमाचा नव्हता. राज्यकर्त्याला प्रजा मोजायची होती. पण वही पडली, आणि तिच्या आधारे चारशे वर्षांनंतरही एखाद्या खेड्यातल्या लोहाराला आपला दहावा पूर्वज सापडू लागला. १८९९ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावाने परगण्यांचा इतिहास गावागणिक लिहिण्याचा प्रकल्प सुरू झाला, तो अजून पुरा झालेला नाही आणि त्याची कोणाला घाईही नाही. हॉस्किन्स नावाच्या विद्वानाने १९५५ साली लिहिलेल्या ग्रंथात शेताचे बांध, कुंपणे, वाकड्या वाटा हीच कागदपत्रे म्हणून वाचून दाखवली. आणि २००३ ते २००६ या काळात बीबीसीने दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी सामान्य माणसांकडून मागविल्या तेव्हा सुमारे ४७ हजार आठवणी जमल्या. सेनापतींच्या नव्हेत, शिधापत्रिकेवर साखर आणणाऱ्या गृहिणींच्या आणि आगगाडीत बसवून खेड्यात पाठविलेल्या मुलांच्या.

अर्थात इंग्रजांच्या स्मरणशक्तीलाही सोयीस्कर झोप लागते. गावाबाहेरच्या जमीनदारी वाड्याचे वर्णन करताना तो वाडा कोणाच्या घामावर उभा राहिला, हे तेथील स्थानिक इतिहासकार बहुधा विचारीत नसत. २०२० साली नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामांच्या व्यापाराशी असलेला संबंध प्रसिद्ध केला, तेव्हा केवढा गदारोळ उठला! तेव्हा त्यांचे सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. घ्यायची ती त्यांची चिकाटी.

साताऱ्याला तर हे उसने घेण्याचीही गरज नव्हती. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. आपला इतिहास परक्याने लिहावा याची बोच त्यानंतर चाळीस वर्षांनी प्रकट झाली. १८६८ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने ग्रँट डफच्या बखरीवर टीका लिहिली, आणि तेथून जे वारे सुटले ते पुन्हा याच दोन जिल्ह्यांत येऊन स्थिरावले. वाईला एरंडे यांच्याकडे सापडलेल्या कागदांवरून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांत आयुष्य घालविले आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंडामागून खंड पदरमोड करून काढले. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात इतका मोठा संग्रह उभा केला की, १९२५ साली त्यासाठी स्वतंत्र वस्तुसंग्रहालय उघडावे लागले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. वाई, मिरज आणि सातारा ही तीन ठिकाणे वगळून महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाची कथा सांगताच येत नाही.

परंतु या ऋषितुल्य मंडळींची दृष्टी स्वाभाविकपणेच दरबाराकडे, मोहिमेकडे आणि तहाकडे होती. परकीयाने केलेली बदनामी पुसायची होती, आणि त्यासाठी पेशव्यांची पत्रे हवी होती, पाणक्याची आठवण नको होती. त्यांनी आपले काम केले. त्यांच्या मागे जे करायचे उरले होते, म्हणजे एकेका गावाचे दप्तर लिहिणे, ते मात्र तसेच राहिले. आज गावाचा इतिहास म्हणून जे समोर येते ते बहुधा यात्रेच्या पत्रकाच्या मागच्या पानावर असते. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे त्यात हमखास लिहिलेले असते. ज्या यादवकालीन कारागिराने चुन्यावाचून दगडावर दगड बसविला, त्याचे श्रेय अशा रीतीने भीम-अर्जुनांच्या खात्यावर जमा होते. हा काही पांडवांचा सन्मान नव्हे आणि त्या कारागिराला न्यायही नव्हे. वाई तालुक्यातील किकलीसारख्या गावात वीरगळ ओळीने उभे आहेत. गाईंसाठी, गावाच्या वेशीसाठी पडलेल्या, नावे विसरल्या गेलेल्या वीरांचे ते दगड. अनेक गावांत असेच दगड धुणे आपटण्यासाठी किंवा पायरी म्हणून वापरले गेले. स्वागतकमानीला लाखांनी निधी मिळतो. कमानीखालून आत गेल्यावर काय सांगायचे, हे ठरलेले नसते.

या उपेक्षेची सर्वांत मोठी किंमत १९४२ च्या आठवणींना मोजावी लागली आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. बेचाळीसमध्ये तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे सारे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंते उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गोळीला बळी पडले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळे बसली, दारू आणि सावकारी यांवर वचक बसला, हुंडा-मानपानाला फाटा देऊन गांधी पद्धतीची लग्ने लागली. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविली.

ही मोठी माणसे आणि मोठे प्रसंग ग्रंथांत आले आहेत. न आलेले आहे ते प्रतिसरकार टिकले कसे, हे. औंध संस्थानची बहात्तर गावे सलग नव्हती. ब्रिटिश मुलखात ती ठिगळांसारखी विखुरलेली होती, आणि कुंडल त्यांपैकी एक होते. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना दिली होती. एक ओढा ओलांडला की इंग्रजांचा फौजदार मागे राही आणि पंतांचे राज्य लागे. कोणत्या शेतातून हद्द जात होती, कोणत्या वस्तीवर कंदील लावला की धोका आहे असे समजायचे, ही माहिती नकाशात नसते. ती त्या वस्तीवरच्या म्हाताऱ्याजवळ असते. तो गेला की, ती गेली.

आणि ती पिढी गेलीच. जी. डी. बापू लाड २०११ मध्ये गेले, नागनाथअण्णा नायकवडी २०१२ मध्ये. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या आणि शेणोलीच्या धाडीतील कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, फेब्रुवारी २०२२ मध्ये. हौसाबाईंनी पोलीस ठाण्यासमोर मार खाण्याचे सोंग वठवले. त्यांना सोडविण्यासाठी शिपाई बाहेर धावले आणि आत सहकाऱ्यांनी बंदुका उचलल्या. हा प्रसंग त्यांच्या तोंडून नोंदला गेला, कारण पी. साईनाथ यांच्यासारखे पत्रकार त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्याआधी गेल ऑम्वेट या अमेरिकेत जन्मलेल्या विदुषी कासेगावच्या सून झाल्या आणि त्यांनी प्रतिसरकारातील साध्या माणसांशी बोलून लिहिले. या दोघांच्या राजकीय मतांशी या पानाच्या वाचकांपैकी अनेकांचे पटणार नाही. नाना पाटीलही पुढे कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले. त्याने काय बिघडते? जो ओसरीवर जाऊन बसला, त्याने ऐकले. जो गेला नाही, त्याला इतरांच्या लेखनातील त्रुटी काढण्याचा अधिकार जरा बेतानेच वापरावा लागतो.

ऐकण्याचीही एक रीत असते. वृद्धाला 'स्वातंत्र्यलढ्यात आपण काय केले' असे विचारले की, तो सत्कारसमारंभातले भाषण करतो. त्याऐवजी त्या वर्षी घरात कोणती भाकरी होती, भूमिगतांना ती कोणी बांधून दिली, किती घरांनी दिली आणि किती घरांनी दार लावून घेतले, पोलीस आले तेव्हा कुत्री कोणाच्या वाड्यापाशी भुंकली, असे विचारावे. मग भाषण थांबते आणि गाव बोलू लागते. बायकांना तर कोणी विचारलेलेच नाही. सात-आठ माणसांचा स्वयंपाक रोज जास्तीचा करून, तो दळणाच्या हिशेबात कसा बसवला, हे प्रतिसरकारच्या अर्थकारणातले पहिले कलम आहे. त्या बायकाही आता नाहीत. पण त्यांच्या लेकी-सुना आहेत, आणि चुलीपाशी ऐकलेले त्यांच्या ध्यानात आहे.

गावाचे दप्तर प्रामाणिकपणे लिहायला घेतले की, अडचणीची पाने येतात. १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूत ब्राह्मणांची घरे जळाली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यातून सुटला नाही. सहाच वर्षांपूर्वी ज्या कारखान्याचा अभियंता इस्लामपूरच्या मोर्चात गोळी झेलून पडला, तोच हा कारखाना. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीने तो काळ पकडला आहे. मात्र गावोगावच्या बोलण्यात त्याविषयी अजूनही एक अवघडलेली शांतता आहे. कुलकर्ण्यांच्या वाड्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची दप्तरेही गेली आणि कुटुंबे शहरांकडे निघून गेली. जे गेले त्यांच्यापाशी जळालेल्या घराची आठवण आहे. जे राहिले त्यांच्यापाशी, ज्या शेजाऱ्याने आपल्या घरात लपविले, ज्याने गाडी जुंपून वेशीबाहेर सुखरूप पोहोचविले, त्याचीही आहे. या दोन आठवणी एका वहीत आल्या पाहिजेत. सूड म्हणून नव्हे. ते गावातच घडले म्हणून.

तसेच दुसरे पान. रामोशी, मांग आणि अन्य जातींना इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत आणले. पाटलाच्या चावडीवर रोज हजेरी देण्याचा अपमान कित्येक पिढ्यांनी सोसला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा'त ते मांडले नसते, तर वारणेच्या खोऱ्याबाहेर ते कोणाला कळले असते? हजेरी इंग्रजांची होती, पण ती घेणारी चावडी आपली होती. हेही दप्तरात हवे, नाहीतर ते दप्तर गावाचे न राहता वरच्या आळीचे होईल.

कित्येक गावे तर आता गावे म्हणून उरलेलीच नाहीत. कोयनेच्या जलाशयाखाली जी बुडाली त्यांची माणसे रायगड-ठाण्यापासून सोलापूर-सांगलीपर्यंत विखुरली. त्यांचे ग्रामदैवत नव्या वसाहतीत आले, शिवार आले नाही. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी केरळपासून पंजाबपर्यंत गेले आणि तेथेच दोन-तीन पिढ्या स्थिरावले. त्यांच्या मुलांना मराठी येते, परंतु आजोबा कोणत्या दुष्काळात आणि कोणाच्या ओळखीने निघाले, हे सांगता येईलच असे नाही. लग्नसराईत ही मंडळी गावी येतात. विचारायचे तर ते आठ दिवस.

कागदांना तर पाण्याचीही भीती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजून गेले. दीडशे वर्षांच्या संस्थेची ही गत, तर घराच्या माळ्यावरच्या पेटाऱ्याचे काय? सनदा, फारखती, भूमिगतांच्या चिठ्ठ्या, सैन्यातून आलेली पोस्टकार्डे, पेन्शनची पुस्तके कृष्णेच्या गाळात किती गेली असतील, त्याची मोजदाद होणार नाही. उरलेली तरी वेळीच टिपून घेता येतील. राजवाड्यांना पायी हिंडून, पेटारे उघडण्यासाठी घरधन्याची मनधरणी करून, हाताने नकला कराव्या लागल्या. आज खिशातल्या मोबाईलने मूळ कागद घरातून न हलविता त्याचे छायाचित्र घेता येते आणि आजीचा आवाज जसाच्या तसा राहतो. साधन कधी नव्हे इतके स्वस्त झाले आहे.

यासाठी विद्यापीठ लागत नाही, शासनाचा अध्यादेशही लागत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी शासनाने ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके बांधली. त्यांतील कित्येकांची कुलुपे गंजली, हा अनुभव ताजा आहे. लागतात ती गावातली चार माणसे: शाळेतले एक गुरुजी, भजनी मंडळातला एक जण, बचत गटातली एखादी बाई, आणि सायंकाळी मैदानावर जमणाऱ्या तरुणांपैकी एखादा कार्यकर्ता, ज्याला घरोघर जाण्याची सवय आहे आणि दार उघडणाऱ्याची जात विचारण्याची नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत हेळवी वर्षाकाठी येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवीत. तो येईल तेव्हा त्याला जोंधळ्याबरोबर तासभर वेळही द्यावा आणि तो म्हणेल ते टिपून घ्यावे. गुरवाला देवळाच्या जमिनीची हकीगत विचारावी. वीरगळ मोजावेत, धुवावेत, उभे करावेत. त्यांवर शेंदूर मात्र थापू नये, कोरीवकाम बुजते.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातील अनेक गावांत एक ठरावीक नमुन्याची फरशी बसविली. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तीवर असते. दोन आकडे, नाव एकही नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या ज्या गावी अशी फरशी आहे, तेथे ती बहुधा जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत सापडेल. वही तिथूनच उघडायला हरकत नाही. पहिल्या आकड्याखाली जितक्या ओळी सोडायच्या, तितक्या सोडून.